नीटनेटकी भिंत

माझा धाकटा भाऊ रंगनाथ हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहे आणि कुठलीही गोष्ट नीट लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. नारायण पेठेत माझं वह्या-पेनांचं छोटं दुकान आहे. तिथे आला की गप्पा मारता मारता माझी पेनं तो रंगांप्रमाणे लावून जायचा आणि मग दिवसभर मला माझ्याच दुकानात काही सापडायचं नाही. मी चिडले की म्हणायचा, "ताई, तुला सिस्टीम कळत नाही." खरं आहे. मला फक्त माल कुठे ठेवलाय ते कळतं.

त्याची एकुलती एक मुलगी सृष्टी. अकरावीत जीवशास्त्रानं तिला रडकुंडीला आणलं होतं. कोथरूडातला नावाजलेला क्लास लावला, तरी सकाळी पाठ केलेलं दुपारी डोक्यात नसायचं. त्याच वर्षी रंगनाथच्या कंपनीत माइंड मॅप शिकवायला कुणीतरी आलं. कागदाच्या मधोमध विषय लिहायचा, त्याला फांद्या काढायच्या, फांद्यांना पुन्हा फांद्या, सगळं चित्रांत आणि रंगांत. रंगनाथच्या मीटिंगा निम्म्या वेळात संपायला लागल्या, बढती मिळाली, आणि त्यानं घरी येऊन लेकीलाही ते शिकवलं. या गोष्टीचं श्रेय त्याचंच. मी रागावलेली असले तरी खोटं बोलणार नाही.

सृष्टीनं ते उचललं ते असं, की बघत राहावं. कॉलेज सुटलं की ती माझ्या दुकानात यायची, पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागद मागायची आणि गल्ल्यामागे जमिनीवर पसरून बसायची. पहिलं चित्र हृदयाचं काढलं. मधोमध मंडई. रक्त लक्ष्मी रस्त्यानं जायचं आणि परत यायचं ते कुमठेकर रस्त्यानं. झडपेपाशी ट्रॅफिक हवालदार, तोंडात शिट्टी, रक्त उलटं घुसलं की पावती. फुप्फुसं म्हणजे संभाजी बाग. रक्त तिथे हवा खायला जायचं. मूत्रपिंडाच्या जागी माझी दांडा मोडलेली चहाची गाळणी होती. दिसायला सगळा आनंदच होता. बाण एकमेकांवर चढलेले, अक्षर उताणं पडलेलं, वर चहाचा डाग. पण डोळे मिटून ती धडाच्या धडा सांगायची.

"पाठ कसं गं झालं एवढं?" मी विचारलं.

"पाठ नाही केलं आत्या. मी तिथून चालत जाते."

तिला गुराढोरांची डॉक्टर व्हायचं होतं. आमच्या गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याचा पाय तिनं पट्टी लावून बरा केला होता आणि तेव्हापासून दुसरं काही तिच्या मनात नव्हतं. त्या प्रवेशाच्या शर्यतीत उतरायलाच बारावीत जीवशास्त्राचे चांगले मार्क हवे होते. कॉलेजच्या पूर्वपरीक्षेत ती त्या विषयात वर्गात पहिली आली. पेढे घेऊन दुकानात आली तेव्हा मला वाटलं, झालं, पोरगी सुटली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात रंगनाथनं तिच्या खोलीच्या भिंतीवरचे ते कागद नीट पाहिले.

"मजकूर चांगलाय," तो मला फोनवर म्हणाला, "पण मांडणी काय ही! हवालदार, गाळण्या! बोर्डाच्या आधी मी सगळं व्यवस्थित करून देतो."

"तिला कळतंय ना? मग राहू दे."

"ताई, कच्चं काम कुणी फायनलला वापरतं का?"

त्यानं सगळं कॉम्प्युटरवर नव्यानं केलं. एकसारख्या चौकटी, सरळ रेघा, मुख्य मुद्दा निळा, उपमुद्दा हिरवा. ऑफिसातल्या मोठ्या प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापून आणलं. सृष्टी प्रॅक्टिकलला गेली होती त्या दिवशी भिंतीवरचे खाकी कागद उतरवले, रद्दीवाल्याला दिले आणि छापील कागद चिकटवले. कष्ट त्यानं खरोखर घेतले होते. दोन रविवार तो जेवायलाही धड उठला नव्हता, असं माझी भावजय नम्रता सांगत होती.

लेकीला काय आनंद होतो ते बघायला त्यानं मलाही बोलावलं. मी भिंत पाहिली. एखाद्या दवाखान्यात असते तशी ती स्वच्छ होती.

सृष्टी आली, दप्तर न काढताच उभी राहिली. तिचा उजवा हात वर उचलला गेला, जिथे मंडई होती तिथपर्यंत गेला आणि थांबला.

"बाबा, माझे कुठे आहेत?"

"अगं, सगळं यातच आहे. एक शब्द गाळलेला नाही. उलट तुझ्या चुका दुरुस्त केल्यात."

"हवालदार?"

"हवालदार काय बोर्डात विचारणार आहेत?" रंगनाथ हसला. सृष्टीही हसली. म्हणाली, "थँक्यू बाबा. खूप छान झालंय." ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी उजळणी सुरू झाली. रंगनाथ एका चौकटीवर हात ठेवायचा आणि विचारायचा, याखाली काय? ती बरोबर सांगायची. आजूबाजूच्या चौकटी समोर दिसत असताना मधली सांगणं काय अवघड आहे? पण रंगनाथ खूष होता. मला फोन करून मुद्दाम ऐकवायचा, "बघ, एक उत्तर चुकत नाही."

मग एका दुपारी ती दुकानात आली. खाकी कागद मागितला. मी मुकाट्यानं दिला, पेनंही काढून दिली. हृदय काढायला बसली. बराच वेळ झाला म्हणून मी वाकून पाहिलं, तर कागदावर एक चौकट होती. पट्टीनं आखलेली. तिच्या शेजारी दुसरी. आत काहीच नव्हतं.

"सृष्टी, मंडई काढ की."

"काढतेय ना." पेन हलेना. "आत्या, हवालदार होता ते आठवतंय. तो कुठल्या रस्त्यावर उभा होता?"

मी म्हटलं, कुमठेकर रस्त्यावर असेल. ती म्हणाली, नाही, तसं नको, तू सांगून नाही चालणार. कागदाची घडी केली आणि क्लासला निघून गेली.

मी तशीच दुकान बंद करून कोथरूडला रंगनाथच्या घरी गेले. "रंगा, तिची ती वाट होती," मी ओरडलेच. "स्वतःच्या हातानं काढलेली, म्हणून तिला सापडत होती. तुझी तुला सापडेल, तिला कशी सापडणार? त्या चौकटी उतरव आणि पोरीला पुन्हा घाण करू दे!"

"परीक्षा तोंडावर आलीय आणि तू तिचा कॉन्फिडन्स घालव," तो शांतपणे म्हणाला. "रोज संध्याकाळी शंभर टक्के उत्तरं देतेय ती. डेटा समोर आहे, ताई."

नम्रता मला सोडायला जिन्यापर्यंत आली. हळूच म्हणाली, "उल्काताई, हल्ली भाजी कुठली करू विचारलं तरी ती आधी भिंतीकडे बघते." मी तिच्यावरही भडकले. म्हटलं, मग फाडून टाक ना ते कागद! ती म्हणाली, "फाडले तर तिच्याकडे उरेल काय?"

जीवशास्त्राच्या पेपरला मी मुद्दाम केंद्राच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. मुलं बाहेर आली, कुणी रडत, कुणी उत्तरं ताडून बघत. सृष्टी निवांत चालत आली. कसा गेला विचारलं तर म्हणाली, "चौकटी सगळ्या आठवल्या, आत्या. कुठली निळी, कुठली हिरवी, तेसुद्धा." रिक्षात मी तिचा हात धरून बसले होते.

जूनमध्ये निकाल लागला. बाकी विषय ठीक होते. जीवशास्त्रात ती जेमतेम काठावर पास झाली होती. गुरांच्या डॉक्टरकीची दारं बंद. मी धावतपळत गेले तर घरात कुणी रडत नव्हतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता, रंगनाथ त्याच्यासमोर आणि सृष्टी शेजारी.

"झालं ते झालं," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. वाईट त्यालाही वाटलं होतं, ते दिसत होतं. "आता पुढचं बघू. हा बघ, तुझ्या करिअरचा मॅप केलाय." मधोमध सृष्टीचं नाव होतं, भोवती सारख्या जाडीच्या फांद्या. कॉम्प्युटर सायन्स, बायोटेक, मॅनेजमेंट, डिझाइन. "घाई नाही. तुला कुठली आवडते?"

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "ही."

"कॉम्प्युटर? अरे वा! का बरं?"

"ही तुम्ही सगळ्यात वर काढलीय."

रंगनाथला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यानं त्या फांदीला पुढच्या फांद्या काढायला घेतल्या. मला राहवेना. मी तिची खुर्ची माझ्याकडे वळवली, दोन्ही हातांत तिचा चेहरा धरला.

"सृष्टी, तुला गुरांची डॉक्टर व्हायचंय ना? पुन्हा बसता येतं परीक्षेला. मी आहे. सांग मला, व्हायचंय ना?"

तिनं माझे हात बाजूला केले आणि पडद्याकडे वळली. फांद्यांवरून, वरपासून खालपर्यंत, तिनं नजर फिरवली. मग एखादा माल संपलाय हे मी गिऱ्हाइकाला ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात म्हणाली,

"त्यात नाहीये, आत्या."