चंद्रभानची चढाई

हायस्कुलात व्यायामशिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी वर्ध्याला प्रशिक्षण वर्ग निघाला आणि पवनारच्या चंद्रभानला त्यात जागा मिळाली. १९५७ चं साल. आदल्या दसऱ्याला तो आईसोबत नागपूरला जाऊन बौद्ध झाला होता. धावण्यात त्याला कुणी गाठत नसे, लांब उडीतही तोच पुढे.

पण कबड्डीचा तास आला की मधुकरराव मास्तर त्याच्या हातात शिट्टी देत. "तू पंच हो. तुझी नजर चांगली आहे."

पहिल्यांदा चंद्रभानला ते कौतुक वाटलं. मग पावसाळा गेला, थंडी आली, तरी तो रेषेबाहेरच. बाकीचे एकमेकांच्या कमरेला मिठ्या मारून मातीत लोळत आणि त्यानं बाद कोण तेवढं सांगायचं. इतरांना 'तुम्ही' म्हणणारे मास्तर आपल्याला एकट्याला 'तू' म्हणतात, हेही मग त्याच्या ध्यानात आलं.

परीक्षेत प्रत्येकाला शाळेच्या पोरांचा एकेक पाठ घ्यायचा होता. एका कबड्डीच्या तासाला चंद्रभाननं कबड्डीचा पाठ मागितला.

"तू कवायत घे," मास्तर म्हणाले.

"काऊन, गुरुजी?"

"कबड्डीत पकड दाखवावी लागते. पोरांना धरावं लागतं. त्यांचे बाप माझ्या दारात येतील."

"बाप येतील तवा येतील. पण आज मैदानावर पोरं नाईत. मंग आज मले काऊन खेळू देत नाई?"

मास्तरांनी शिट्टी पुढे केली. "वाद नको. घे."

चंद्रभाननं ती घेतली नाही. सदरा काढून कुंपणावर टाकला, मैदानात शिरला आणि दम धरून समोरच्यांवर चढाई केली. "कबड्डी, कबड्डी..."

पकडायला कुणीच पुढे आलं नाही. सगळे मागे सरकत गेले, पार शेवटच्या रेषेपर्यंत. चंद्रभान एकेकाच्या छातीला हात लावत गेला आणि चालत परत आला.

"सगळे बाद," तो म्हणाला.

"ही चढाई मोजायची नाही," मास्तर ओरडले.

"काऊन नाई? शिवला तो बाद, हे तुम्हीच शिकवलं ना?" तो पुन्हा मधल्या रेषेवर जाऊन उभा राहिला. "मी अजून येतो. धरा मले!"

दुसऱ्या चढाईत केळझरच्या रूपरावनं त्याच्या पायाला मिठी घातली. पाटलाचा पोरगा, हरणं त्याला सोसत नसे. दोघंही आडवे झाले.

"रूपराव, सोडा त्याला!"

"सोडतो कसा? त्याचा दम तर सुटू द्या!" रूपराव दात आवळून म्हणाला.

चंद्रभान बाद झाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणी त्याला बाद केलं होतं. पण संध्याकाळी जेवणाआधी रूपराव विहिरीवर आंघोळ करताना त्याला दिसला. एरवी तो फक्त हातपाय धुवायचा. आपल्याला शिवल्याचा विटाळ तो धुऊन काढतोय, हे चंद्रभानला कळलं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. चंद्रभाननं पोरांना रांगेत उभं केलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आजचा पाठ, कबड्डी." मास्तरांचा चेहरा उतरला, पण परीक्षकांसमोर त्यांना पाठ थांबवता येईना. चंद्रभाननं एका पोराला कमरेत धरून पकड दाखवली. पोरगा खिदळत सुटायला धडपडू लागला, तशी बाकीची पोरंही "आता मले धरा, गुरुजी!" म्हणत पुढे आली. कुणाचाही बाप तक्रार घेऊन आला नाही.

निकाल लागला. मास्तरांनी शिस्तीचे गुण कापले होते. चंद्रभान तिसऱ्या श्रेणीत पास झाला.

घरी त्याच्या आईनं, भागीरथानं, विचारलं, "पास झाला ना? मंग असा काऊन बसला?"

"माय, मी पहिला आलो असतो. मले लय राग येऊन राह्यला."

"येऊ दे," ती त्याच्यापुढं ताट सरकवत म्हणाली. "तो राग बराबर हाय."

जूनमध्ये आर्वीकडच्या एका शाळेत तो रुजू झाला. पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी विचारलं, "कवायत घ्याल ना?"

"घेईन," चंद्रभान म्हणाला. "पण आधी कबड्डी."