रूपसिंगची पाठ

रूपसिंगला तालमीत आणलं ते कुरुंद्याच्या ग्यानबा वस्तादांनी. तो वारंग्याजवळच्या लमाण तांड्यावरचा. बापाबरोबर हळद वाहायला कुरुंद्याला यायचा. एकदा ओढ्याच्या उतारावर गाडी कलंडली आणि एक बैल जुवाखाली अडकून गुदमरायला लागला. माणसं दोर शोधत होती, तेवढ्यात रूपसिंगनं जुवाखाली खांदा घातला आणि भरल्या गाडीचं तोंड वर उचलून धरलं. ग्यानबा तिथंच उभे होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. शेती भावाच्या हवाली करून त्यांनी तालीम बांधली होती. ते सरळ रूपसिंगच्या बापाकडे गेले आणि म्हणाले, "ह्याला माझ्याकडं ठेवता का?"

लमाणाचा पोरगा आपल्या मातीत उतरतो हे गावातल्या काहींना खपलं नाही. ते ग्यानबांकडे बोलायला आले. "मंग तुमी नका येऊ," ग्यानबा म्हणाले, आणि हौद्यातली माती उकरायला लागले.

डाव सगळेच वस्ताद शिकवतात. ग्यानबांनी त्याला दुसरंच काही शिकवलं. ते म्हणायचे, "पैलवानाचं समदं अंग उघडं असतं. पाठ तेवढी झाकायची असती." रूपसिंगला ते इतकं भिनलं की झोपतानाही तो कुशीवर झोपायचा.

नरसी नामदेवच्या जत्रेत त्याची शंकरसिंगशी कुस्ती लागली. शंकरसिंग हिंगोलीकडच्या एका जमीनदाराचा जमादार होता. वसुलीला गेला की लोक दारं लावून घ्यायचे. त्यानं आखाड्याला फेरी मारून शड्डू ठोकले, मिशीला पीळ दिला, आणि हाताला हात लागतो न लागतो तोच रूपसिंगनं त्याला आकाश दाखवलं. ज्याला माणसं भ्यायची तो असा एका झटक्यात उताणा पडलेला पाहून सगळी जत्रा हसली. शंकरसिंग उठला. पाठीवरची माती न झटकताच गर्दीतून निघून गेला. पुढं कित्येक दिवस तो गावात शिरला की कोणीतरी मागून म्हणायचं, "जमादार, पाठ झटका." म्हणणारा मात्र कधी सापडायचा नाही.

ग्यानबांनी रूपसिंगला कोल्हापूरला पाठवलं. तिथं त्यानं चांगल्या चांगल्या मल्लांना पाडलं. त्याचं चंदाबाईशी लग्न झालं, पण ती तांड्यावरच राहिली. तो वर्षातून एकदा यायचा.

कोल्हापुरात त्या काळी बोलपट निघत होते. एका कंपनीला पौराणिक खेळासाठी राक्षस हवा होता. माणसं मैदानात येऊन रूपसिंगला घेऊन गेली. त्याच्या डोक्यावर शिंगं बसवली, तोंडाला काजळ फासलं. त्याच्या मराठीला तांड्याचं वळण होतं म्हणून त्याला वाक्य दिलं नाही. त्यानं फक्त गडगडून हसायचं, आरोळी ठोकायची आणि शेवटी देवाच्या हातून मार खाऊन पडायचं.

देव झालेला नट अंगानं काटकुळा होता. रूपसिंगनं एका हातानं उचलला असता. पहिल्यांदा त्याच्या हातून पडायची वेळ आली तेव्हा रूपसिंगचं अंग पडेचना. नट ढकलत राहिला आणि हा खांबासारखा उभा. दिग्दर्शक म्हणाले, "पैलवान, तुम्ही पडल्याशिवाय त्याला देव कोण म्हणेल?"

मग तो पडायला शिकला. श्वास सोडून द्यायचा, हनुवटी छातीला लावायची, पाठ टेकायच्या आधी दोन्ही हात जमिनीवर आपटायचे. आवाज मोठा होतो आणि पाठ वाचते. या कामात तो इतका तरबेज झाला की पुढं नायकाला उडी मारायची असली तरी त्याचे कपडे घालून रूपसिंगच उडी मारायचा. एकदा तांड्यावर आला तेव्हा हसत हसत चंदाबाईला म्हणाला, "ह्या टायमाला एकाच शिनेमात मीच मला पाडलं." ती हसली नाही. म्हणाली, "लागत न्हाई का?"

"कामच हाय ते."

पुढच्या एका जत्रेत नरसीला तंबूतला सिनेमा आला आणि त्यात रूपसिंग आहे अशी बातमी फुटली. कुरुंद्याहून गाड्या जुंपून माणसं गेली. ग्यानबा सगळ्यांच्या पुढं, अगदी पडद्याला नाक लागेल असे बसले. पडद्यावर रूपसिंग आला तसा तंबू दणाणला. ग्यानबांचे डोळे भरून आले. मग देव आला. त्यानं राक्षसाच्या छातीवर हात ठेवला, आणि ज्या पाठीसाठी वस्तादांनी आपली अर्धी हयात घातली ती पाठ धाडकन जमिनीला लागली. लोकांनी टाळ्या पिटल्या. ग्यानबा उठून बाहेर आले आणि गाडीत जाऊन बसले.

रूपसिंग पुढच्या खेपेला गावी आला तो आधी कुरुंद्याला गेला. वस्तादांच्या पायाला हात लावायला वाकला, तर त्यांनी पाय मागं घेतले.

"तू पडलास," ते म्हणाले.

"वस्ताद, ते खरं नसतं. आदीच ठरलेलं असतं कोण पडायचं ते."

"ठरवून पडलास?"

"व्हय."

"दुसऱ्यानं पाडलं असतं तर मी म्हटलं असतं, चालायचंच, त्याची ताकद जास्ती. ठरवून पडणारा माझा न्हाई. तालमीत येऊ नको."

रूपसिंगनं उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. मग चालत तांड्यावर गेला.

ती गोष्ट त्यानं मनाला लावून घेतली, पण काम सोडलं नाही. कुस्तीचं वय सरत आलं होतं आणि दुसरं काही येत नव्हतं. मग जर्मनीची लढाई सुरू झाली. फिल्म मिळेनाशी झाली, तशी कंपनीला घाई झाली. एका पडक्या किल्ल्यावर राक्षसाला बुरुजावरून खाली फेकायचं दृश्य होतं. खाली गवताच्या पेंढ्या रचल्या होत्या. त्या कॅमेऱ्यात दिसतात म्हणून कोणीतरी थोड्या बाजूला सरकवल्या, आणि वर उभ्या असलेल्या माणसाला ते सांगायचं राहून गेलं. रूपसिंगनं श्वास सोडला, हनुवटी छातीला लावली आणि तो दगडावर पडला.

दवाखान्यातून उठून तो कंपनीत गेला तेव्हा त्याची शिंगं दुसऱ्याच कोणाच्या डोक्यावर होती. थोड्याच दिवसांत कंपनीही मोडली.

तो तांड्यावर परतला. पाठीचा कणा सांधला होता, पण वाकडा. कमरेला लुगड्याचं धडपं घट्ट बांधल्याशिवाय त्याला उभं राहता येत नसे. जवळून पाहणाऱ्याला ते कळायचं. लांबून तो अजून तसाच दिसायचा, भिंतीसारखा. चंदाबाई शेतात राबायची आणि तो घरी बसून दोर वळायचा. आसपासच्या गावची माणसं वाट वाकडी करून सिनेमातला राक्षस पाहायला यायची. तो त्यांना हसून दाखवायचा.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. निजामाचं राज्य आता राहत नाही असं लोक दबल्या आवाजात बोलू लागले होते. संस्थानाविरुद्ध लढणारे सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात तळ ठोकून होते. त्यांना तांड्यावरून भाकरी जायच्या. तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, वसराम आणि काही तरणे गडी त्या पोचवायचे. इकडं हत्यारबंद टोळ्या गावं लुटत फिरत होत्या. त्यातल्या एका टोळीचा म्होरक्या शंकरसिंग होता. त्याच्या टोळीत सगळ्या जातीधर्माचे हिंडफिरे होते आणि कोणाच्या तरी नावाखाली लुटायला मिळतंय एवढंच त्यांना पुरत होतं.

आषाढात, सकाळी पावसानं उघडीप दिली असताना, भाकरीची खबर लागून ती टोळी तांड्यावर आली. त्यांनी वसरामसकट सगळ्या तरण्या गड्यांना निंबाखाली बसवून हात मागं बांधले. बायका रडायला लागल्या तेव्हा एकानं हवेत बंदूक झाडली. सगळं चिडीचूप झालं.

शंकरसिंग घोड्यावरून उतरला आणि त्याची नजर दाराशी बसलेल्या रूपसिंगवर गेली. तो जवळ आला. वयानं जड झाला होता, पण दंड अजून तसेच होते.

"वळकलं का?" त्यानं विचारलं.

"वळकलं, जमादार."

"माझी पोरगी लग्नाला आली तवा व्याह्यानं माझ्या माघारी इचारलं, पाठ झटकणारा जमादार तो ह्योच का. तुला ठावं हाय?"

"न्हाई ठावं."

रूपसिंगनं निंबाखाली पाहिलं. वसरामच्या तोंडाला रक्त होतं. मग तो हळू आवाजात बोलला, इतक्या हळू की आत चुलीशी बसलेल्या चंदाबाईला आणि शंकरसिंगलाच ते ऐकू गेलं.

"ह्या समद्यांसमोर माझी पाठ लाव. वारंग्याची, कुरुंद्याची माणसं बलाव. आन पोरं सोड."

शंकरसिंग म्हणाला, "शिनेमावाणी पडशील. माणसं हसतील मला."

"तू पैलवान हाईस. खोटं पडलो तर तुला कळंल. तवा घाल गोळी."

"आन हे कोणाला कळलं तर?"

"कोणाला कळायचं न्हाई."

शंकरसिंगनं माणसं पाठवली. दुपारपर्यंत आजूबाजूच्या गावांतून लोक हाकून आणले गेले. चिखल टाळून माळावर जागा केली. घरात चंदाबाई त्याच्या कमरेचं धडपं आणखी घट्ट बांधू लागली, तर त्यानं तिचा हात धरला.

"सोड ते. बांधलेलं दिसलं तर म्हणतील, मोडल्याला पाडलं."

"तुमी मरून जाल."

"गप. आन कोणाला सांगू नको, त्यो जित्ता हाय तोवर. न्हाईतर परत येईल."

तिनं गाठ सोडली.

कुस्ती थोडा वेळ चालली. रूपसिंगनं ती चालवली. त्यानं शंकरसिंगला दोनदा गुडघ्यावर आणलं, गर्दीतून आवाज उठला, बांधलेली पोरं माना वर करून पाहायला लागली. शंकरसिंगचा श्वास फुलला. त्याच्या डोळ्यांत जुनी भीती आली आणि ती पाहूनच रूपसिंग समजला की आता खरं वाटेल. त्यानं कंबर मोकळी दिली. शंकरसिंगनं त्याला छातीशी कवळून उचललं आणि आपटलं. हात आधी टेकले असते तर पाठ वाचली असती. पण जुन्या पैलवानाला ते कळलं असतं. रूपसिंगनं हात अंगाशी ठेवले.

आवाज फारसा झाला नाही.

शंकरसिंग त्याच्या छातीवर गुडघा ठेवून चारी बाजूंना पाहत राहिला. मग उठला आणि म्हणाला, "सोडा त्यांना." त्याच्या माणसांनी कुरकुर केली, पण गडी सोडले. जाताना तांड्यावरचे बैल तेवढे नेले.

रूपसिंगला चौघांनी उचलून घरात नेलं. कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं. सुटलेले गडी दाराशी येऊन उभे राहायचे आणि खाली पाहायचे. त्यांच्यापैकी एकजण बाहेर वसरामला म्हणाला, "कसला पैलवान. आपली इज्जत घालवली. जमादार खुशीत होता म्हणून वाचलो." चंदाबाईनं ते ऐकलं आणि ओठ दाबून भांडं घासत राहिली.

काही दिवसांनी चिखल तुडवत ग्यानबा वस्ताद आले. आता ते बरेच वाकले होते. ते अंथरुणाशी बसले.

"ऐकलं ते खरं का?" त्यांनी विचारलं. "त्यानं पाडलं तुला?"

रूपसिंगनं चंदाबाईकडं एकदा पाहिलं. "व्हय वस्ताद. त्याची ताकद जास्ती पडली."

"लढलास?"

"लढलो."

ग्यानबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मंग चालायचंच," ते म्हणाले. "चालायचंच, लेकरा."

त्यानंतर ते तांड्यावरच राहिले. रोज सकाळी करडीचं तेल कोमट करून ते रूपसिंगच्या मेलेल्या पायांना चोळायचे, आणि दोघं कोल्हापूरच्या, नरसीच्या कुस्त्या काढून बसायचे. सिनेमाचं नाव दोघंही काढत नसत. रूपसिंगच्या पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. ताप उतरेना. पोळ्याच्या सुमारास तो गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत फौजा आल्या आणि निजामानं शरणागती पत्करली. शंकरसिंग पळताना पैनगंगेच्या पुरात वाहून गेला. त्याचं प्रेत ओळखणारी माणसं भेटली, तेव्हा चंदाबाईनं वसरामला सगळं सांगितलं.

वसराम तिचं ऐकून घेऊन म्हणाला, "वहिनी, तुझा नवरा होता. तू असंच म्हणणार." एकदोघांना पटलं असावं. ते तिच्यासमोरून जायचं टाळू लागले.

मग ती कुरुंद्याला गेली. तांड्यावरून परतलेले ग्यानबा तालमीच्या ओट्यावर बसले होते. तिनं उभ्यानंच सांगितलं. दाराशी काय बोलणं झालं, धडपं कसं सोडायला लावलं, सगळं. ते ऐकत राहिले.

"मला काहून सांगितलं न्हाई त्यानं?"

"सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं, वस्ताद?"

ग्यानबांना खोटं बोलता येत नव्हतं.

"तसाच उठून कुरुंद्याला परत आलो असतो," ते म्हणाले.

"म्हणून न्हाई सांगितलं," चंदाबाई म्हणाली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि परत निघाली. दुसऱ्या दिवशी तिला निंदायला जायचं होतं.

ग्यानबा त्या हिवाळ्यात गेले. तालमीत पुढं त्यांच्या भावानं हळद साठवायला सुरुवात केली.