फ्यूज ज्याच्या खिशात

सोमवारी सकाळी आठ वाजता कळंबजवळच्या कापसाच्या एका जिनिंगच्या गेटवर टेबल मांडलं गेलं आणि बाहेरून आलेल्या मजुरांची आधार कार्डं गोळा झाली. मालकाचा मुलगा अक्षय खुर्चीवर बसून कार्डावरचा फोटो समोरच्या तोंडाशी ताडून पाहत होता आणि कार्ड लोखंडी पेटीत टाकत होता. पडताळणी होईपर्यंत कार्डं ऑफिसात राहतील, असं त्यानं सांगितलं. मजूर बंगालातले, सीमेलगतच्या मालद्याकडचे. त्यांनी मुकाट्यानं दिली.

त्याआधी आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. हे लोक सीमेपलीकडचे तर नाहीत, हे कामावर ठेवणाऱ्यानंच तपासावं, असं ग्रामसभेत बहुतेकांचं मत पडलं. तपासायचं कशाला, काढूनच टाका, असंही काही बोलले. गावची पोरं जिनिंगच्या धुळीत दोन दिवस टिकत नाहीत, हे मात्र माहीत असूनही कोणी बोललं नाही. अक्षय काही वाईट माणूस नव्हता. हंगाम भरात होता आणि पोलीस ठाण्यातून फोन येऊन गेला होता.

आत फिटर नासिरला ही बातमी विमलताईनं दिली. ती कापसातला कचरा वेचणाऱ्या बायकांमधली.

"नासिरभाई, तुमच्या मोईनचं कार्ड गेलं पेटीत. आता त्याले सासरवाडीले जाचं तरी शेठले पुसा लागते."

मोईन त्या मजुरांतलाच, नासिरच्या घरी राहणारा. बायका हसल्या. नासिर हसला नाही.

त्यानं सौदीत, दम्मामला, नऊ वर्षं काढली होती. कामाचा रीतसर व्हिसा होता. विमानतळावरून नेलं त्याच दिवशी तिथल्या मालकानं, कफीलनं, पासपोर्ट कपाटात ठेवला, सांभाळायला म्हणून. आई बिस्मिल्लाबी वारली तेव्हा कफील परगावी होता आणि किल्ली त्याच्याजवळ होती. नासिरला आईच्या मातीला पोचता आलं नाही.

परत आल्यावर जिनिंगमध्ये त्यानं एक रीत पाडली. यंत्रात सफाईला माणूस उतरला, की त्या यंत्राचा फ्यूज काढून उतरणाऱ्याच्याच खिशात द्यायचा. फिटरच्या नाही, सुपरवायझरच्याही नाही. सुरुवातीला थट्टा झाली. मग एकदा माणूस आत असताना कोणीतरी बटन दाबलं आणि यंत्र हललं नाही. तेव्हापासून थट्टा बंद झाली.

त्या सोमवारी मुख्य पट्ट्याखालचा खड्डा साफ करायची पाळी मोईनची होती. नासिरनं त्याला बाजूला केलं, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकला आणि स्वतः खड्ड्यात उतरला. सगळ्या जिनांना, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांना, कापूस पुरवणारा तो पट्टा. तो थांबला, की जिनिंग थांबलं.

बराच वेळ झाला तरी नासिर वर येईना. गेटवर ट्रॅक्टरांची रांग लागली. पहिला ट्रॅक्टर बबनरावांचा. ते खड्ड्याच्या काठावर येऊन उभे राहिले.

"काहून बा नासिरभाई, परक्या मानसापायी गावचा कापूस अडवून राह्यले?"

"अडवून नाई राह्यलो. सफाई करून राह्यलो."

"तपासलं तं काय बिघडलं? माहा पिंटू कुवेतले गेला, तं कागद दाखवूनच गेला. चोरून नाई गेला."

"मीबी तसाच गेलतो, बबनराव." नासिर झाडू टेकून उभा राहिला. "पिंटूचा पासपोर्ट कोनापाशी आहे?"



तेवढ्यात अक्षय आला. कार्डं कुलुपात आहेत, मी काय ती विकून खाणार आहे का, असं त्यानं विचारलं. आवाज चढलेला होता. उद्यापासून येऊ नका, असंही म्हणून झालं. नासिरनं ते ऐकून घेतलं.

"तुमी नाई खानार, अक्षयभाऊ. माह्या कफीलनंबी नाई खाल्ला. तुमी चार डाव तपासा, फोटो काढा, ठान्यात धाडा. माहंबी तपासा, घरून आनतो. पन कार्ड ज्याचं त्याच्या खिशात राहू द्या."

जेवणाच्या सुटीआधी पेटी उघडली. मोबाइलवर फोटो काढून अक्षयनं एकेकाच्या हातात कार्ड परत दिलं. नासिर वर आला, फ्यूज बसवला, पट्टा सुरू झाला.

मोईनला मात्र ठाण्यातून बोलावणं आलं. कार्डावरचं त्याचं गाव गंगेनं कापून नेलं होतं. त्या पत्त्यावर विचारायला घरच उरलं नव्हतं. नासिर त्याला मोटरसायकलवर घेऊन गेला. हा माझ्या घरी राहतो, बोलावाल तेव्हा मी घेऊन येतो, असं लिहून त्यानं खाली सही केली. कार्ड मोईनकडेच राहिलं. चौकशी मालद्याला गेली.

चहाच्या टपरीवर लोक वाटले गेले. नासिरनं बरोबर केलं, असं काहींचं म्हणणं होतं. स्वतःच्या अंगावर कायले ओढून घेतलं, असं काहींचं. त्याची नोकरी राहील की जाईल, हे अक्षयनं अजून सांगितलेलं नाही. नासिर रोज कामावर येतो.

गुरुवारी संध्याकाळी बबनराव जिनिंगवर आले. कापूस आणला नव्हता. पिंटूचा पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात आहे, मागितला तर पाहू म्हणतात, असं त्यांनी इकडंतिकडं पाहत सांगितलं.

"तिकडं कोनाले सांगा लागते?"

आपल्या दूतावासात सांगावं लागतं, असं नासिर म्हणाला. नंबर शोधून त्यानं बबनरावांच्याच फोनवरून लावला आणि फोन त्यांच्या हातात परत दिला. मोईनबद्दल मालद्याचं उत्तर तोवर आलेलं नव्हतं. बबनराव कान लावून उभे होते. पलीकडे घंटी वाजत होती.