हॉलंडचा खंडेराव

मित्रांनो, मी हॉलंडमधलं एक जुनं चांदीचं नाणं आहे. सध्या सुरतेत देव म्हणून नोकरीला असतो.

माझ्या अंगावर एक घोडेस्वार आहे, चिलखत घातलेला, तलवार उगारलेला. अडीचशे वर्षांपूर्वी जहाजातून सुरत बंदरात उतरलो, तेव्हा इथल्या टाकसाळीत माझे सगळे भाऊबंद वितळून रुपये झाले. मी कुणाच्या तरी कनवटीला राहिलो म्हणून वाचलो. पुढे बरीच घरं फिरून एका सराफाच्या मोडीच्या डब्यात पडलो.

तिथे मला सरलाबाई भेटल्या. मूळच्या खानदेशातल्या, नवरा सुकलाल जवळच कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर कामाला. घर बदलताना त्यांच्या देव्हाऱ्यातला टाक, म्हणजे चांदीवर ठोकलेला खंडेराव, हरवला होता. मला पाहताच त्यांनी हात जोडले. घोडा आहे, तलवार आहे, आणखी काय हवं? घोड्याखालच्या ढालीला त्यांनी देवाचा कुत्रा ठरवून टाकलं.

तेव्हापासून माझी चैन आहे. रोज भंडारा, चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगा. हॉलंडात मला कुणी वांगं दाखवलंही नव्हतं. दुःख एकच. दर रविवारी त्या मला चिंच लावून असं घासतात की स्वाराचं नाक केव्हाच गेलं.

यंदा धोंड्याच्या महिन्यात लेक हर्षदा आणि जावई योगेंद्र जेवायला आले. योगेंद्र इच्छापोरच्या कारखान्यात असतो आणि त्याला युरोपातली जुनी चांदीची नाणी जमवायचा नाद आहे. नमस्काराला वाकला तो वाकलेलाच राहिला. सासूला वाटलं, जावई भाविक निघाला. त्याने खिशातून भिंग काढलं आणि माझं एकेक अक्षर वाचलं. इतक्या वर्षांत मला कुणी वाचलं नव्हतं. मला भरून आलं.

मग त्याने हळूच खरं काय ते सांगितलं आणि धोंड्याचं वाण म्हणून मलाच मागितलं. सुकलालने बायकोकडे पाहिलं. या महिन्यात जावयाला नाही म्हणायचं नसतं. पण घरचा देव तरी कसा द्यायचा? माझीही पंचाईत झाली. इथे राहावं तर उरलंसुरलं तोंड जाणार. तिथे जावं तर तोंड वाचेल, पण नाण्यांच्या वहीतल्या प्लास्टिकच्या कप्प्यात भरीत कोण देणार?

सरलाबाईंनी पदराने डोळे पुसले.

"ली जा जवाईबापू. पन देव से तो. दर ऐतवारले चिंच लाईसन घसनं पडी. मी सोता ईसन देखसू."

दर रविवारी चिंचेने घासायचं, आणि वर सासू जातीने येऊन बघणार, हे ऐकून योगेंद्रने भिंग खिशात घातलं. जुनं नाणं घासलं की जाणकाराच्या लेखी ते मेलंच, आणि सासूशी खोटं बोलायची त्याची छाती नव्हती. त्याने मला स्वतःच्या हाताने देव्हाऱ्यात ठेवलं.

"आई, देव इथंच बरा आहे. फक्त त्याचं तोंड घासू नका, मऊ फडक्यानं पुसा."

सरलाबाईंनी शब्द दिला आणि पाळलाही. आता त्या मला पुढून अलगद पुसतात आणि राहिलेला सगळा जोर पाठीवर काढतात. माझ्या पाठीवर दोन सिंह होते. सध्या एकच आहे.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया करा, पण चिंच लावून करू नका. सरलाबाईंना हे तुम्हीच कुणीतरी सांगा. मला बोलता येत नाही. देव झालो ना, आता नुसतं ऐकायचं काम.