चन्नवीर मास्तरांचं दातवालं अळंबं

अक्कलकोट रस्त्यावरच्या आमराईत, कुजक्या बुंध्यावर ते अळंबं दिसलं आणि चन्नवीर मास्तर पार खुळावले. सोलापुरात शास्त्र शिकवणारा शहाणा माणूस, पण चिखलात पालथा पडून बघत होता! छत्रीखाली पापुद्रे असले की अळंब्याचं एक घराणं, बारीक भोकं असली की दुसरं. याला तर दात होते. पांढरे, मऊ, खाली लोंबणारे. दातवाल्यांचं घराणं मास्तरांनी पुस्तकातून धुंडाळलं, पण हे कुणाशीच जुळेना. पुण्याचे एक जाणकार म्हणाले, "वाळवून आणा, पण दात शाबूत हवेत. सगळं दातांवरूनच ठरतं. नवं निघालं तर तुमचंच नाव देऊ."

घरी अव्वानं, म्हणजे मास्तरांच्या आईनं, ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. "दात हायत म्हंजे जित्राबच की! लिंगायताच्या घरात आणतोस व्हय रे?"

"झाडासारखंच आहे गं ते."

"झाडाला कुटं दात असत्यात?"

कप्पाळ! मास्तरांनी ते पडवीतल्या फळीवर वाळत ठेवलं. मग तिची समजूत पटावी म्हणून बोलून गेले, "अव्वा, याला माझं नाव लागेल. आपल्यामागं राहील."

अव्वा फळीवरच्या अळंब्याकडे बघत राहिली. मास्तरांची बायको गिरिजाबाई मूलबाळ न होता गेली, मास्तरांनी पुन्हा लग्न केलं नाही, आणि तो विषय घरात कुणी काढत नसे.

पुण्याला निघायच्या सकाळी फळी रिकामी! मास्तर धावत आत गेले. देवघरापाशी अव्वा बसली होती. मांडीवर जुनेरात गुंडाळलेलं अळंबं, ऊन पाण्यानं न्हाऊ घातलेलं, वर विभूतीचे पट्टे. दात सगळे घंगाळाच्या तळाशी.

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. "काय करून बसलीस हे!"

"नाव ठिवायचं म्हन्लास की. न्हाऊ घातल्याबिगर, इबूत लावल्याबिगर कुटं नाव ठिवत्यात व्हय?" अव्वानं जुनेर सारखं केलं. "तुझ्यामागनं या मांडीवर कुनी आलंच न्हाय बाबा."

मास्तरांचा राग जागीच विरला. इतकी वर्षं त्यांना वाटे, हे दुःख आपलं एकट्याचंच. तिला कधी विचारलंच नाही, याची त्यांना लाज वाटली.

ते खाली बसले. कधी बाळ झालंच तर म्हणून गिरिजाबाईनं एक नाव ठरवून ठेवलं होतं. ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या बोथट गोळ्यावर वाकून ते म्हणाले, "चनमल्लप्पा."

अव्वाच्या नवऱ्याचं नाव. उखाण्याबाहेर तिनं ते जन्मात कधी घेतलं नव्हतं. आज तिनं पदर पुढं ओढला, दोनदा ओठ हलवले, मग ते मोठ्यानं घेतलं आणि मांडी हलवू लागली.