गार्लंडची जागा

इझेल मॅब्री आणि मी कॉलेजची तीन वर्षं एकाच खोलीत काढली. तो सहा फूट आठ इंच. मी कागदावर सहा फूट एक, बूट काढले की त्याहून कमी. संघात तो बास्केटखाली उभा राहायचा आणि मी त्याच्यापर्यंत चेंडू पोचवायचो, म्हणजे माझं निम्मं नाव त्याच्यामुळे झालं. इंडियानात आमच्या कॉलेजचं नाव घेतलं की लोक म्हणायचे, "हां, ते मक्याच्या शेतातलं." पण हिवाळ्यात दर शनिवारी चार हजार माणसं आमचा खेळ बघायला यायची. गावचा न्हावी आमच्याकडून पैसे घ्यायला तयार नसायचा आणि खेळाडूनं फुकट काही घ्यायचं नाही या नियमामुळे आम्हाला ते द्यावेच लागायचे. दर वेळी त्याच्या दुकानात त्यावरून हुज्जत व्हायची.

इझेल नर्सिंग शिकत होता. त्यावरून संघात त्याची फार थट्टा चालायची. हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांत त्याच्या मापाची विजार नव्हतीच. जी होती ती नडगीवरच संपायची. त्याची आई, व्हर्डेल, गॅरी शहरात वृद्धांच्या एका निवासात सव्वीस वर्षं मदतनीस होती. म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायचं, चादरी बदलायच्या, आणि नर्स सांगेल ते ऐकायचं. आपला मुलगा सांगणाऱ्यांतला व्हावा, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी खेळ-व्यवस्थापन नावाचा विषय घेतला होता. कुठला विषय घ्यावा हे ज्याला कळत नाही त्याच्यासाठी तो काढलेला होता.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये आम्ही स्पर्धेच्या दुसऱ्याच फेरीत हरलो आणि आमचा मोसम संपला. त्याच आठवड्यात इझेलला केल्सोहून फोन आला. केल्सोचा संघ छोट्या लीगमध्ये खेळायचा. मोठ्या लीगनं ज्यांना निवडलं नाही अशी पोरं तिथं वाट बघत खेळतात. बसनं प्रवास, मोटेलच्या एका खोलीत दोघं, आणि पगार असा की मोसम संपतो तेव्हाच तोही संपतो. पण दर वर्षी तिथून कुणीतरी एक वर जातो. त्या एकाचं नाव सगळ्यांना पाठ असतं, आणि त्या नावावर बाकीचे दीडशे जण पुढच्या वर्षीची बस पकडतात.

केल्सोवाले म्हणाले, इझेलवर आमची नजर आहे, एकदा येऊन मॅच बघून जा. कराराची घाई नव्हती, पण एकदा सही केली की कॉलेजचा खेळ बंद, आणि त्याबरोबर शिष्यवृत्तीही. त्याच्या पदवीला एक वर्ष उरलं होतं. 'नंतर पूर्ण करीन' म्हणून गेलेले आम्ही सगळ्यांनीच पाहिले होते.

रविवारी दुपारच्या मॅचला आम्ही माझ्या जुन्या ब्यूइक गाडीतून गेलो. केल्सोकडून गार्लंड टूम्स खेळत होता. तो आमच्याच कॉलेजचा, आमच्या नऊ वर्षं आधीचा. व्यायामशाळेच्या बोळात त्याचा फोटो टांगलेला होता. आता एकतीस वर्षांचा. त्या दुपारी त्यानं अठरा गुण केले, पण डावा पाय जरा ओढत होता. मॅच संपल्यावर तोच आम्हाला रस्त्याकडेच्या पॅनकेकच्या हॉटेलात घेऊन गेला.

इझेलनं त्याला सगळं विचारलं आणि त्यानं काही लपवलं नाही. पदवीला सहा महिने असताना तो निघाला होता. मोठ्या लीगनं दोनदा दहा-दहा दिवसांसाठी बोलावलं. दोन्ही वेळा मिळून मैदानावर अकरा मिनिटं मिळाली.

"अकरा मिनिटांसाठी नऊ वर्षं?" मी विचारलं. मला तेव्हा बोलायची पोच नव्हती.

"ती अकरा मिनिटं कुणी विकत मागितली तरी मी देणार नाही," गार्लंड शांतपणे म्हणाला. "तू अजून एक सेकंद खेळलेला नाहीस, म्हणून तुला हिशेब सुचतोय."

मग त्यानं डावा पाय लांब करून बाकावर टेकवला आणि तोंड वाकडं केलं. इझेलनं काटा खाली ठेवला. पाय कधीपासून दुखतोय, त्यानं विचारलं. गार्लंड म्हणाला, परवा अकरा तास बसमध्ये होतो, पोटरीत गोळा आलाय, बर्फ लावलाय. इझेलनं त्याला दोन्ही पायांवरची विजार वर करायला लावली. समोरचा कागदी रुमाल पट्टीसारखा फाडून एका पोटरीभोवती गुंडाळला, मग दुसऱ्या. डावी पोटरी दोन बोटं जाड भरली. त्यानं तळहात ठेवून बघितला.

"हा गोळा नाही," तो म्हणाला. "रक्ताची गाठ असणार. पाय गरम लागतोय. आत्ता हॉस्पिटलात जायचं."

"उद्या जाईन."

"उद्या नाही. ती सुटून वर फुफ्फुसात गेली तर उद्या उजाडणार नाही."

गार्लंडनं आवाज खाली आणला. "अरे पोरा, अजून दहा मॅच आहेत. डॉक्टरनं कागदावर काही लिहिलं की माझ्या जागी दुसरा येईल. हे तुला समजतंय का?"

"समजतंय," इझेल म्हणाला. "पण तुम्ही उठला नाहीत तर मी इथं ॲम्ब्युलन्स बोलावतो. मग सगळ्या केल्सोला समजेल."

गार्लंडनं त्याला एक सणसणीत शिवी दिली आणि लंगडत गाडीत येऊन बसला.

गाठ पोटरीपासून मांडीपर्यंत होती आणि तिचे तुकडे फुफ्फुसात पोचलेही होते. तिथली डॉक्टरीण म्हणाली की पुढच्या बसमध्ये हा माणूस चढला असता, पण उतरला असता की नाही सांगता येत नाही. आता रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, बहुधा जन्मभर. आणि त्या चालू असताना जिथं अंगाला अंग भिडतं तो खेळ नाही. गार्लंडनं हे ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मंगळवारी केल्सोच्या कोचचा फोन आला. त्यांना उंच माणूस हवा होता, तोही लगेच. उरलेल्या दहा मॅच, त्यापुढची बाद फेरी, आणि पुढच्या वर्षाचा करारही आत्ताच. शुक्रवारपर्यंत ये, म्हणाले.

इझेल पलंगाच्या कडेवर फोन हातात धरून बसून राहिला. "मीच त्याला बाहेर काढला," तो म्हणाला, "आणि मीच त्याच्या जागी जाऊ?"

संध्याकाळी खुद्द गार्लंडनं हॉस्पिटलमधून फोन केला. ती जागा कुणीतरी घेणारच आहे, तर मग माझ्याच कॉलेजचा का नको, असं त्याचं म्हणणं पडलं.

मीही जोर केला. पुस्तकं कुठं पळून जात नाहीत, मी म्हटलं. गुडघे मात्र पळतात. आज इतक्या वर्षांनी खरं सांगायचं तर तो आत शिरला की उन्हाळ्यात माझ्यासाठी एक शब्द टाकेल, हे माझ्या डोक्यात होतं. मला कुणी फोन करत नव्हतं.

बुधवारी त्यानं केल्सोला हो सांगितलं. आमच्या कोचनं 'तुझा निर्णय, तुझं आयुष्य' म्हणून त्याचा हात हातात घेतला आणि मग अर्धा तास पुढच्या मोसमाचं वेळापत्रक वाचून दाखवलं. आईला त्यानं माझ्यासमोरच फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिकडे थंडी फार असते का, एवढंच विचारलं आणि ठेवला. ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

गुरुवारी त्याची हॉस्पिटलात सात ते तीन शिकाऊ ड्युटी असायची. तो सकाळी गळ्यातलं ओळखपत्र परत करायला गेला. शिकाऊ पोरांवर देखरेख करणाऱ्या ओपल क्रेन्शॉ मॅडम साठीच्या होत्या. त्यांची उंची त्याच्या कोपराएवढी. त्यांनी ओळखपत्राकडे बघितलंसुद्धा नाही.

"आज किती पेशंट आहेत तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

"चार, मॅडम. पण मी आज—"

"त्या चौघांना कुणी सांगितलं नाहीये की तू सोडतोयस. तीनला ये. तीनला घेते मी ते."

तीन वाजता मी गाडी घेऊन बाहेर थांबलो होतो. सामान बांधायचं होतं, माझ्या डोक्यात याद्या चालल्या होत्या. तो साडेतीनला आला आणि गुडघे छातीशी घेऊन पुढच्या सीटवर बसला. त्या गाडीत त्याला तसंच बसावं लागायचं. ओळखपत्र गळ्यातच होतं.

"हे काय? घेतलं नाही त्यांनी?"

"मी दिलं नाही."

मी गाडी चालू केली नाही. काय झालं, मी विचारलं. आत कुणी मेलं का, कुणाला वाचवलंस का?

"काहीच झालं नाही," तो म्हणाला. एका म्हाताऱ्याची दाढी केली. तो रेल्वेत वेल्डर होता, हनुवटीवर भाजल्याचा जुना वण, तिथं वस्तरा जपून फिरवावा लागला. एका बाईला खिडकीपर्यंत चालवत नेऊन परत आणायचं होतं. वीस मिनिटं लागली, आणि पोचल्यावर तिला बाहेर बघायचंच नव्हतं. दोन वेळा चादरी बदलल्या.

"मग?"

"मग तीन वाजले. मॅडमनी पुढच्या आठवड्याचा तक्ता समोर ठेवला. मी सही केली."

"इझ, दहा मॅच. पुढच्या वर्षाचा करार हातात देतायत. लोक ह्यासाठी जन्मभर—"

"माहितेय मला."

"घाबरलास तू," मी म्हटलं. "तिकडं सगळेच तुझ्याएवढे उंच असणार, म्हणून घाबरलास."

"असेन," तो म्हणाला. "त्या दिवशी पॅनकेकच्या टेबलाशी आपण तिघं होतो, वेंडेल. त्याआधी केल्सोच्या अख्ख्या संघानं गार्लंडला लंगडताना पाहिलं होतं, पण त्याचा पाय कुणी बघितला नाही. मला तेच परत परत आठवतंय. आता घरी चल, भूक लागलीय."

मी नीट ऐकलंही नाही. पुढचे दहा दिवस आम्ही एका खोलीत राहून बोललो नाही. केल्सोला त्यानं स्वतःच फोन करून नाही म्हटलं, त्यांनी त्याला जे ऐकवलं ते ऐकून घेतलं.

पुढं काय झालं ते सरळ सांगतो. केल्सोनं त्या जागेवर टुल्साचा एक पोरगा घेतला. पुढच्या हिवाळ्यात त्याला मोठ्या लीगचं बोलावणं आलं आणि तो तिथं चार वर्षं टिकला. त्याची पहिली मॅच इझेलनं टीव्हीवर शेवटपर्यंत बघितली, मग उठून औषधांच्या मात्रा पाठ करायला बसला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी इझेलचा खेळ घसरला. हॉस्पिटलच्या ड्युट्यांमुळे सराव चुकायचे, कोच त्याला बाकावर बसवून ठेवायचा. मोसम संपला तेव्हा केल्सोच काय, कुणाचाच फोन आला नाही. मे महिन्यात पदवी मिळाली. त्याच्या आईनं त्याची चौकोनी टोपी घेतली, आपल्या डोक्यावर घातली आणि नंतर हॉटेलातलं जेवण संपेपर्यंत काढली नाही. बाकीची माणसं बघत होती, तिला पर्वा नव्हती.

मी तो सोहळा बघायला पाहुणा म्हणून गेलो होतो. तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातच मी केल्सोच्या खुल्या चाचणीला गेलो आणि त्यांनी मला ठेवून घेतलं. तीन मोसम खेळलो. वरून बोलावणं कधी आलं नाही, आणि तरी ते दिवस मला वाया गेल्यासारखे वाटत नाहीत. पहाटे बर्फातून बस चाललेली असायची, मागच्या सीटवर पत्ते, आणि पोचलो की खेळायचं. मला दुसरं काही यायचंही नाही. पदवी मी तेहतिसाव्या वर्षी संध्याकाळच्या वर्गांना जाऊन घेतली, एकोणीस वर्षांच्या पोरांमध्ये बसून. त्यांतला एक जण मला सर म्हणायचा. आता मी शाळेत खेळ शिकवतो.

गार्लंड केल्सोतच राहिला. तो हिवाळ्यात पालिकेची बर्फ काढायची गाडी चालवतो. पहिली चार वर्षं तो इझेलशी बोलला नाही. राग कुणावर होता हे त्यालाही सांगता आलं नसतं. मग एकदा गुडघा दुखत होता म्हणून दुकानातली साधी गोळी आपल्या औषधांबरोबर चालेल का, हे विचारायला त्यानं फोन केला. चालणार नाही, इझेल म्हणाला, आणि कुठली चालेल ते सांगितलं. आता तो महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतो, कधी शेजाऱ्याच्या वतीनंसुद्धा.

इझेल गॅरीला हृदयरोग्यांच्या वॉर्डचा प्रमुख आहे. मागच्या मार्चमध्ये मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याच्या बायकोनं चिकन तळलं होतं, टीव्हीवर कॉलेजची स्पर्धा लागली होती. पोटभर खाल्ल्यावर मी त्याला सरळ विचारलं, की कधी वाटतं का, जायला हवं होतं म्हणून.

"वाटतं ना," तो म्हणाला. "मार्च आला की हटकून वाटतं. तो टुल्साचा पोरगा आठवतो? कॉलेजात दोनदा समोर आला होता माझ्या. दोन्ही वेळा दहा गुणांच्या आत ठेवला होता मी त्याला."

"दुसऱ्या वेळी बारा केले होते त्यानं," मी म्हटलं.

"दहाच्या आत," तो म्हणाला, आणि मॅच बघायला लागला. सकाळी सातला त्याची ड्युटी होती, म्हणून उत्तरार्ध सुरू झाल्यावर थोड्या वेळानं मी निघालो.