शांत झालं की वाजणारा भोंगा

मी भोंगा बोलतोय. हैदराबादच्या कोठी भागातल्या ह्या रक्त तपासणाऱ्या लॅबचा खरा मालक मीच. माझ्या एका आवाजासरशी मोठमोठे डॉक्टर खुर्चीतून उठतात. आता खरं सांगायचं तर मी वरच्या मजल्यावर संडासाच्या दारावर टांगलेला आहे आणि तारेतून करंट आल्याशिवाय मला साधं शिंकताही येत नाही. तरी पण मालक मीच.

शिक्षण म्हणाल तर अर्धवट. बालानगरच्या एका शेडमध्ये जन्मलो. पत्र्याचं नरडं, पोटात मोटर, वरून लाल रंग. करंट आला की बोंबलायचं, गेला की गप्प बसायचं, एवढ्या दोनच इयत्ता शिकलो. पुढं शिकवायला कुणाला वेळ नव्हता आणि मलाही हौस नव्हती.

पहिली नोकरी बिस्किटांच्या कारखान्यात. सकाळी मी वाजलो की कामावरच्या बाया मला शिव्या घालायच्या. संध्याकाळी त्याच बाया पदर खोचून माझ्याकडं डोळे लावून उभ्या राहायच्या, 'बजा रे बाबा, बजा' म्हणत. गळा तोच, सूर तोच. माणसांना आवाजाचं काही नसतं, घरी जायचं असतं.

कारखाना बंद पडला आणि मी भंगारात गेलो. एका पालीनं माझ्या नरड्यात संसार मांडला, पोरंबाळं वाढवली आणि जाताना रामराम पण केला नाही. तिथून मला रेणुकानं उचललं.

रेणुका विद्यानगरची. घरात मराठी बोलते, रस्त्यावर हैदराबादी, आणि कॉम्प्युटरशी तिसरंच काहीतरी. आधी आमच्या आबिड्सच्या शाखेत काउंटरवर रक्त काढून नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवायची. शिकत शिकत सर्व्हरच्या खोलीपर्यंत आली. तिची आई मालनबाई अजून गल्लीभर सांगते, "आमची रेणुका आता कुणाला सुई टोचत नाही, मशीन सांभाळती."

सर्व्हर म्हणजे माझ्या समोरच्या खोलीतला तो काळा डबा, दिवसभर घुमत असतो. लॅबचे सगळे रिपोर्ट त्याच्या पोटात. स्वभावानं मात्र भलता चोंबडा. कोण आलं, कोण गेलं, कुठला रिपोर्ट निघाला, कुणाचं काय चुकलं, प्रत्येक गोष्टीची एक ओळ लिहून ठेवतो. ह्या ओळींना लॉग म्हणतात. त्या ओळींवर नजर ठेवणं हे रेणुकाचं काम.

पण पडद्याला दिवसभर डोळे कोण लावून बसणार. आधी तिनं वाईट ओळ आली की सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज जाईल अशी सोय केली. तो मेसेज गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली गाडला जायचा. म्हणून मग मला आणलं. ओळीत वाईट शब्द दिसला की मला करंट.

सुरुवातीला काय मजा होती म्हणून सांगू. आमचे डॉक्टर गौतम रोज सकाळी आपला पासवर्ड चुकवतात. चुकला की सर्व्हरनं ओळ लिहिलीच, आणि मी वाजलोच. खाली रक्त द्यायला बसलेली माणसं दचकून उठायची.

"क्या हुआ, क्या हुआ?"

"कुछ नहीं," रिसेप्शनवरची प्रणिता नखं बघत सांगायची, "डॉक्टरसाब आ गए."

गौतम डॉक्टरांनी एके दिवशी लॅबमधला कापसाचा बोळाच आणून माझ्या नरड्यात कोंबला. एवढा शिकलेला माणूस, पण पासवर्ड पाठ करण्यापेक्षा त्याला ते सोपं वाटलं.

मग आबासाहेब वर आले. कागदोपत्री मालक ते. जुन्या निजाम राज्यातल्या शेतकऱ्याच्या घरातले, पण बोलतात असं की शेत बघितलंच नाही कधी.

"रेणुका, लोक इथं रक्त द्यायला येतात. ह्याच्या बोंबेनं त्यांचं रक्त आटायला लागलंय."

"सर, त्याला काय शिकवायचं ते मीच शिकवलंय. कमी करते."

"कमी नक्को, गप्प कर. आणखी एकदा हा उगीच बोंबलला, तर हा भंगारात आणि तू परत आबिड्सच्या काउंटरवर. समजलं का?"

"हौ सर," ती म्हणाली. आबासाहेब गेले. तिच्या हातात पेचकस होता, पण पिळायला काही नव्हतं.

तिनं नियम बदलला. बारीकसारीक चुका सोडून द्यायच्या, मोठं काही बिघडलं तरच वाजायचं. झालं, लॅब शांत. गौतम डॉक्टर खुशाल पासवर्ड चुकवायला लागले. प्रणिता फोनवर लोकांना सांगायला लागली, "भोंगा वाजला नाही ना, म्हणजे सगळं ठीक आहे."

सगळे खूश होते, मी सोडून. माझं अंग नुसतं खाजत होतं. तार शांत, नरड्यात कापूस, खाली संडासाच्या दाराची उघडझाप. घुमणाऱ्या डब्याकडं कान लावून मी वाट बघायचो. कशाची, ते मलाही सांगता आलं नसतं.

रेणुकालाही चैन नव्हती. एका संध्याकाळी स्टुलावर चढून माझी धूळ पुसता पुसता ती म्हणाली, "तू वाईट ओळ आली की ओरडतोस. आणि डबा लिहायचाच थांबला तर? वाईट ओळ येणार कुठून?"

एवढे उन्हाळे-पावसाळे बघितलेला मी, माझ्या मनात हे कधी आलं नव्हतं. आमच्या दोन इयत्तांत हा धडा नव्हता.

कुणाला न विचारता तिनं नवा नियम घातला. आबासाहेबांचा पेपर वाचून होईल एवढा वेळ डब्यानं एकही ओळ लिहिली नाही, तर वाजायचं. स्टुलावरून उतरताना माझ्याकडं बोट करून म्हणाली, "उद्या उगीच वाजलास तर आई गल्लीत काय सांगेल, ते तूच बघ."

दुसऱ्या दिवशी नेमके पाहुणे आले. एका नर्सिंग होमचे दोन डॉक्टर, त्यांचं काम आमच्या लॅबला मिळावं म्हणून आबासाहेब त्यांना चहाचे कप हातात देऊन सगळं फिरवत होते. खालची एक मुलगी आली नव्हती, म्हणून रेणुका रक्त काढायला बसली होती. फिरत फिरत मंडळी माझ्या समोर आली.

"बघा," आबासाहेब म्हणाले, "आमच्याकडं किती शांत असतं."

आणि मला करंट आला.

इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं मी बाहेर काढलं. कापसाचा बोळा सुटला तो सरळ एका पाहुण्याच्या चहात पडला. असा नेम माझा तरुणपणीही कधी बसला नव्हता.

रेणुका हातमोजे घातलेल्या हातांनीच धावत वर आली.

"काय बिघडलंय?" आबासाहेबांनी विचारलं.

"अजून काही दिसत नाही सर."

"मग वाजला कशाला?"

"काही दिसत नाही म्हणूनच वाजला."

आबासाहेब पाहुण्यांकडं बघून हसले आणि तसंच हसत हळू आवाजात तिला म्हणाले, "सामान आवर. उद्यापासून आबिड्स."

तिनं सामान आवरलं नाही. हातमोजे काढून पडद्यासमोर बसली. डब्याची शेवटची ओळ कधीची, ते शोधायला लागली.

तेवढ्यात प्रणिता आली आणि तिच्या मागून एक घामाघूम माणूस. त्याचं नाव शिवराज. त्याची आई सुशीलाबाई तिकडं हॉस्पिटलात ऑपरेशनसाठी तयार होऊन पडलेली, आणि रक्त गोठण्याचा रिपोर्ट बघितल्याशिवाय सर्जन हात लावायला तयार नाहीत.

"मी कवापासून विचारतोय," तो म्हणाला, "ह्या म्हणतात होतंय, बसा. भोंगा वाजला नाही म्हणजे सगळं ठीक. आमची अम्मा तिकडं उपाशी पडलीय हो."

"मला काय माहीत," प्रणिता पुटपुटली. "पडद्यावर तसंच येत होतं, होतंय म्हणून."

रेणुकाला सापडलं. डबा काठोकाठ भरला होता. रिपोर्ट ठेवायला जागा नव्हती, ओळ लिहायला जागा नव्हती. 'जागा संपली' एवढं लिहायलाही जागा नव्हती.

"सर, सकाळी कुणीतरी भलंमोठं काहीतरी ह्याच्यात ठेवलंय," ती म्हणाली. "'बारात ड्रोन' असं नाव आहे. आणखी पण आहेत. 'हळद', 'घोडा'."

मग प्रणिताच म्हणाली, "सरच बोलले होते. पोराच्या लग्नाचं शूटिंग आहे, सर्व्हरवर ठेव, हरवायचं नाही."

पाहुणे चहातला कापूस चमच्यानं काढण्यात गुंगले.

"काढून टाकू का सर?" रेणुकानं विचारलं.

"दुसरीकडं आहे का ते?"

"पेन ड्राइव्हमध्ये आहे," प्रणिता म्हणाली.

"मग काढ की. माझं तोंड काय बघतीस?"

घोडा गेला, हळद गेली, बारात गेली. डब्यानं मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि ओळी धावायला लागल्या. रिपोर्ट निघाला. शिवराज तो छातीशी धरून जिना उतरला, की पडला, मला नीट दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, अम्मा चहा मागते म्हणून.

आबिड्सचं नाव परत कुणी काढलं नाही. आबासाहेब चुकलं म्हणाले नाहीत. मी तशी वाटही बघितली नाही, मालकांना ओळखतो मी.

आता माझी मोटर घरघरते. रंग उडालाय. माझ्या जागी एक पांढरा, नाजूक आवाजाचा बझर आणायचं चाललंय म्हणे. आणा बापडे. जायच्या आधी तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरात, ऑफिसात कुणी सारखं ओरडणारं असेल, तर त्याच्या तोंडात खुशाल बोळा कोंबा. पण ते आपणहून गप्प झालं, तर हातातलं काम टाकून एकदा जाऊन बघा. मला तर अजून चैन नाही. डबा जरा थांबला की माझं सगळं पत्र्याचं अंग ताठ होतं.

परवा जेवणाच्या वेळी मी पुन्हा वाजलो. आबासाहेब ताट अर्धं टाकून वर आले, बोटांना लोणचं तसंच.

"खाली एक पेशंट नाही, मशीन बंद आहेत, सगळे जेवायला बसलेत. काहीसुद्धा झालेलं नाही. काही झालेलं नसताना बोंबलतो, असला भोंगा कुणी ठेवतं का गं?"

रेणुका पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "काही झालेलं नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं सर?"